गाठोडे ठेवले कुठे?

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, बत्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले. लेकाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. त्याची बॅटरी पार संपलेली होती आणि भिंतीतली पिन निघाली की यंत्र बंद पडे. त्यावर पुतण्याने लिनक्स नावाची कार्यप्रणाली बसवून दिली आणि एक सोय करून ठेवली. झाकण मिटले, की यंत्राने स्वतःहून गाढ झोपी जायचे. मग वीज गेली तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी बटण दाबावे, की मिनिटभरात कालचेच पान कालच्याच अर्ध्या वाक्यावर उभे. या झोपेला इंग्रजीत हायबरनेशन म्हणतात, आपण शीतनिद्रा म्हणू. अस्वल किंवा बेडूक थंडीत घेतो ती झोप.

त्या पानावर अण्णा आईचे बोलणे उतरवून घेत होते. आई आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि पुण्यात पाणी शिरले, तेव्हा ती आठ महिन्यांच्या अण्णांना कडेवर घेऊन नारायण पेठेतल्या वाड्यातून बाहेर पडली होती. ही हकीकत आम्ही लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकत आलो. सलग अशी तिने कधी सांगितली नव्हती. गेल्या पावसाळ्यात एके दुपारी ती सांगू लागली आणि अण्णा टंकत राहिले. अशा पाच दुपारी झाल्या आणि वीसेक पाने झाली. तिची स्मृती आता कधी लख्ख असते, तर कधी विझलेली. त्या पाच दुपारी ती लख्ख होती.

सहाव्या दिवशी यंत्र फारच हळू चालते म्हणून अण्णांनी ते नाक्यावरच्या दुकानात दिले. दुकानातल्या मुलाने नव्या प्रकारची वेगवान डिस्क बसवली, जुनी डिस्क सी.डी.च्या जागी सरकवली आणि चालू करून पाहिले. यंत्र चालू झाले आणि सगळे ठाकठीक दिसले. फक्त ते पान तिथे नव्हते. त्या पानाला अण्णांनी नाव दिलेच नव्हते, ते कधी साठवलेच नव्हते. रोज जसेच्या तसे समोर येत होते, मग साठवायचे कशाला?

"काका, डेटा डिस्कवरच होता," पुतण्या मला फोनवर म्हणाला. "पण उठल्यावर यंत्राला तो कुठे ठेवलाय तेच सापडलं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. स्वतःच ठेवलेली वस्तू स्वतःलाच न सापडावी, हे आपल्या घरांत रोजचेच आहे. पण यंत्रानेही तसे करावे? मग मी पुतण्याला धरून बसवले आणि दोन रविवार त्याच्याकडून हे सारे समजून घेतले. वाचकहो, आज घरोघरी झाकण मिटून ठेवायचा संगणक आहे. तेव्हा ही गोष्ट तुम्हालाही ठाऊक असलेली बरी.

ओटा, फडताळ आणि माळा

संगणकाला दोन स्मृती असतात. एक कामाची स्मृती, जिला रॅम म्हणतात. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी. चिरलेली भाजी, भिजवलेली डाळ, उघडलेला डबा, सगळे हाताशी. दुसरी डिस्क, म्हणजे भिंतीतले फडताळ. तिथे वस्तू कायमची राहते, पण काढायला वेळ लागतो.

ओट्याची एक खोड आहे. वीज गेली की तो क्षणात रिकामा होतो. आजच्या रॅममध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे अतिसूक्ष्म विद्युतभार असतो आणि तो गळत राहतो. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. म्हणजे संगणक आपल्याला शांत दिसतो, तेव्हाही आठवण टिकवण्यासाठी सेकंदाला पंधरा वेळा धडपडत असतो.

पूर्वी असे नव्हते, हे ऐकून गंमत वाटेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' असे नाव दिलेल्या संगणकाची स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती. कडे एका दिशेने चुंबकित केले की शून्य, उलट दिशेने केले की एक. चुंबकत्व वीज गेल्याने जात नाही, त्यामुळे त्या काळची स्मृती अंधारातही शाबूत राहू शके. पुढे रॅम स्वस्त झाली, वेगवान झाली आणि विसराळूही झाली.

आता माळा. ओटा नेहमीच अपुरा पडतो. म्हणून जे सध्या लागत नाही ते उचलून तात्पुरते माळ्यावर टाकायचे आणि लागले की उतरवायचे. संगणकात डिस्कचाच एक कोपरा या कामासाठी राखून ठेवतात, त्याला स्वॅप म्हणतात. ही युक्ती इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या 'अ‍ॅटलस' संगणकाने जगाला दाखवली. डिसेंबर १९६२ मध्ये तो सुरू झाला. त्याचा ओटा होता जेमतेम १६ हजार शब्दांचा, तर माळा, म्हणजे फिरता चुंबकीय ड्रम, ९६ हजार शब्दांचा. कोणती वस्तू कुठे आहे याची चिंता प्रोग्राम लिहिणाऱ्याने करायची नाही, यंत्रानेच उचलठेव करायची, ही कल्पना तिथून आली आणि आज तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनपर्यंत पोचली.

गाठोडे बांधण्याची रीत

शीतनिद्रा म्हणजे या माळ्याचा आणखी एक उपयोग. थोडेथोडके सामान न टाकता अख्खा ओटा जसाच्या तसा गाठोड्यात बांधून वर टाकायचा आणि दिवे घालवून घर बंद करायचे. साधी झोप वेगळी. तिच्यात रॅमला थोडी वीज चालू ठेवावी लागते, बॅटरी संपली की खेळ खलास. शीतनिद्रेत विजेची गरजच उरत नाही. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून विजेच्या व्यवस्थापनाचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत या दोन झोपांना एस-३ आणि एस-४ असे क्रमांक मिळाले.

लिनक्समध्ये ही सोय गाबोर कुटी आणि पावेल माखेक यांच्या कामातून उभी राहिली आणि २००२ साली लिनक्सच्या प्रायोगिक आवृत्तीत सामील झाली. पुढे राफाएल विसोत्स्की यांनी तिची बरीच डागडुजी केली.

ती चालते अशी. लग्नातला फोटोग्राफर सगळ्यांना उभे करून "हलू नका" म्हणतो, तसे कार्यप्रणाली आधी सगळ्या चालू प्रोग्रामांना जागच्या जागी गोठवते. छपाईयंत्र, पडदा, जाळे, सगळी उपकरणे शांत करते. मग रॅमचे छायाचित्र घेते. छायाचित्र ठेवायलाही रॅममध्येच जागा लागते, म्हणून अनावश्यक गोष्टी आधी टाकून दिल्या जातात. छायाचित्राचा आकार एकूण रॅमच्या साधारण दोन पंचमांशात बसवण्याचा प्रयत्न होतो. मग डिस्क पुन्हा जागी करून ते दाबून-दडपून स्वॅपमध्ये लिहिले जाते.

सगळ्यात शेवटी येते ती खूणगाठ. आपल्या आज्या काही आठवणीने करायचे असले की पदराला गाठ मारत. स्वॅपच्या पहिल्याच पानावर, ४०९६ बाइटच्या त्या पानाच्या अगदी शेवटच्या दहा बाइटमध्ये, एरवी 'स्वॅपस्पेस२' अशी अक्षरे असतात. म्हणजे 'हा नुसता माळा आहे'. ती अक्षरे बाजूला सारून तिथे 'एस१सस्पेंड' असे लिहिले जाते. म्हणजे 'इथे गाठोडे आहे'. जुनी अक्षरे त्याच पानावर जवळच जपून ठेवलेली असतात. गाठोड्याचे पहिले टोक माळ्यावर नेमके कुठे आहे, तोही आकडा तिथेच. गाठ शेवटी मारायची हे महत्त्वाचे. सामान बांधता-बांधता मध्येच वीज गेली, तर अर्धवट गाठोड्यावर गाठ बसू नये.

आणि मग अंधार.

उठल्यावर काहीच आठवत नाही

खरी अडचण उठताना येते. तुम्ही बटण दाबता तेव्हा यंत्राला आपण झोपलो होतो हेच ठाऊक नसते. ओटा रिकामा असतो. बंद केलेला संगणक आणि शीतनिद्रेतला संगणक बाहेरून सारखेच दिसतात.

आधी जागे होते ते मदरबोर्डवर कोरलेले छोटे सॉफ्टवेअर. ते डिस्कवरून एक दारवान बोलावते. दारवान कार्यप्रणालीचा गाभा आणून ओट्यावर बसवतो. या गाभ्याला कर्नल म्हणतात, हा लष्करातला कर्नल नव्हे. त्याच्याबरोबर एक लहानशी शिदोरी असते, सुरुवातीच्या चार कामांपुरती हत्यारे असलेली. हा कर्नल अगदी नवाकोरा असतो. काल झोपलेला कर्नल गाठोड्यात आहे आणि आजच्याने त्याला शोधून उतरवायचे, त्याच्या हाती ओटा द्यायचा आणि स्वतः नाहीसे व्हायचे. एका कर्नलने दुसऱ्याला उठवण्यासाठीच जन्म घ्यायचा, असा हा मामला.

पण शोधायचे कुठे? एका यंत्रात दोन-तीन डिस्क असतात, प्रत्येकीचे अनेक कप्पे. आणि सगळी दारे उघडून पाहण्याची सोय नाही. कप्प्यातल्या फायली पाहायच्या तर तो कप्पा 'उघडावा' लागतो, आणि उघडताना कार्यप्रणाली त्यात आपली रोजनिशी तपासते, अपुरी कामे पुरी करते, चार ठिकाणी खुणा करते. इकडे गाठोड्यातल्या कर्नलच्या आठवणीत तो कप्पा कालच्या स्थितीत आहे. तो उठला की कालचाच नकाशा धरून लिहू लागणार. नकाशा जुना आणि जमीन बदललेली, की फायलींचा चुराडा. मुचकुंद राजा युगानुयुगे गुहेत झोपला आणि उठून बाहेर आला तेव्हा जग बदललेले होते, ही पुराणातली कथा आपण ऐकली आहे. मुचकुंदाला ते कळले तरी, आपल्या कर्नलला कळत नाही. म्हणून या सोयीच्या अधिकृत माहितीपत्रकात आरंभीच मोठा इशारा दिलेला आहे, की झोप आणि जाग यांच्यामध्ये डिस्कला हात लावू नका.

म्हणजे अट अशी, की कोणतेही दार न उघडता, कशालाही धक्का न लावता, गाठोडे बाहेरूनच ओळखायचे. म्हणून कर्नलला पत्ता आधी सांगून ठेवावा लागतो.

खोलीचा क्रम आणि गट नंबर

पत्ता सांगण्याची जुनी पद्धत सरळ होती. दारवानाच्या चिठ्ठीत एक ओळ लिहायची, की 'पहिल्या डिस्कचा पाचवा कप्पा पाहा'. लिनक्समध्ये पहिल्या डिस्कला एसडीए म्हणतात, दुसरीला एसडीबी. कर्नल त्या कप्प्याचे पहिले पान वाचतो. खूणगाठ दिसली तर गाठोडे सोडतो, नाही दिसली तर 'आपण काल नीट बंद झालो होतो' असे समजून नेहमीसारखा सुरू होतो.

खोट या 'पहिल्या'त आहे. ही नावे डिस्कची नसतात. ज्या क्रमाने त्या सापडतात त्या क्रमाने मिळतात. वाड्यात 'डावीकडून तिसरी खोली' असा पत्ता द्यावा आणि मालकाने दाराशी आणखी एक खोली बांधावी, तसे होते. पत्रातली तिसरी खोली आता चौथी झालेली असते. पोस्टमन प्रामाणिकपणे तिसरे दार वाजवतो आणि परत जातो.

यावर उपाय म्हणून सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखी पद्धत आली. प्रत्येक कप्पा तयार करताना त्यात १२८ बिटांचा एक क्रमांक लिहिला जातो. लिहून काढला तर आडव्या रेघांसकट ३६ चिन्हे. जगात दुसरा तसा असण्याची शक्यता नगण्य. डिस्क पहिली असो की तिसरी, क्रमांक तोच. मात्र कप्प्यांच्या आतले हे क्रमांक कर्नलला स्वतःला वाचता येत नाहीत. ते काम शिदोरीतली हत्यारे करतात. ती क्रमांक शोधून 'तो कप्पा आज अमुक ठिकाणी आहे' असे कर्नलच्या कानात सांगतात आणि मग कर्नल पुढचे पाहतो.

पण गट नंबरही अमर नव्हे. कोणी स्वॅप पुसून नव्याने तयार केला, की त्याला नवा क्रमांक मिळतो. चिठ्ठीत राहतो जुना. मग माळा समोर असूनही 'असा माळा या गावात नाही' हेच उत्तर.

विहिरीपासून मोजलेली पावले

अलीकडे स्वॅपसाठी वेगळा कप्पा न करता, फायलींच्या कप्प्यातच एक मोठी फाईल ठेवतात. सोयीचे असते, हवी तेव्हा लहान-मोठी करता येते. पण शीतनिद्रेला हे अवघड जाते. फाईल वाचायची तर कप्पा उघडायला हवा आणि उघडायला तर बंदी.

यावरची तोड आपल्याकडच्या पुरलेल्या हंड्याच्या गोष्टीतल्यासारखी आहे. 'विहिरीपासून पूर्वेला इतकी पावले' असे लिहून ठेवायचे. कप्प्याच्या आरंभापासून किती पाने सोडली की स्वॅप फाईलचे पहिले पान येते, तो आकडा चिठ्ठीत लिहितात. समजा आकडा ३४८१६ असला, तर प्रत्येक पान ४०९६ बाइटचे, म्हणजे सुमारे १४ कोटी २६ लाख बाइट सोडून पुढचे पान वाचायचे. फाईल म्हणजे काय, तिचे नाव काय, याची कर्नलला गरजच नाही. तो नुसती पावले मोजतो. गाठोड्याच्या आत शिरल्यावर मात्र पुढची पाने कुठे-कुठे पसरली आहेत त्याची यादी आतच असते. पहिले टोक सापडले की बाकीचे आपोआप उलगडते.

अर्थात कोणी ती फाईल काढून पुन्हा त्याच नावाने केली, तर नाव तेच आणि जागा वेगळी. पावले चुकतात. माणसाला दिसते, की फाईल तर तिथेच आहे. कर्नलला दिसते, की सांगितलेल्या जागी गाठ नाही.

शेजारी ठेवलेली किल्ली

यावर इतर कार्यप्रणालींनी काय केले? विंडोजने २००० सालच्या आवृत्तीपासून हा प्रश्न सोपा ठेवला. माळ्यावर सामान मिसळायचेच नाही, प्रणालीच्या मुख्य डिस्कच्या दारातच 'हायबरफिल' नावाची स्वतंत्र फाईल ठेवायची. जागा ठरलेली, त्यामुळे दारवानालाच ठाऊक. अ‍ॅपलने २००५ साली आपल्या लॅपटॉपमध्ये अशी झोप आणली, तेव्हा गाठोड्याचा पत्ता मदरबोर्डवरच्या वीज गेली तरी न विसरणाऱ्या छोट्या स्मृतीत लिहिला.

लिनक्सच्या जगात याच धर्तीची सोय २०२३ मध्ये आली. घराला कुलूप लावून किल्ली शेजारी ठेवावी, तशी. झोपण्यापूर्वी यंत्र स्वतःच गाठोड्याचा कप्पा आणि पावले मदरबोर्डवरच्या स्मृतीत टिपून ठेवते. उठल्यावर शिदोरीतली हत्यारे ती टीप वाचतात आणि लगेच पुसूनही टाकतात. माणसाने वर्षापूर्वी लिहिलेल्या चिठ्ठीवर विसंबण्यापेक्षा झोपणाऱ्याने झोपतानाच पत्ता लिहावा, यात शहाणपण आहे. अण्णांच्या जुन्या यंत्रात मात्र पुतण्याने कॉलेजात असताना कुठल्याशा टिपणावरून हाताने लिहिलेली ओळ होती, 'पहिल्या डिस्कचा पाचवा कप्पा'.

त्या दिवशी काय घडले

आता दुकानातला प्रसंग पाहू. नवी डिस्क आली आणि ती आधी सापडली म्हणून एसडीए झाली. जुनी, जिच्यात सगळे होते, ती झाली एसडीबी. बटण दाबल्यावर कर्नल सांगितल्याप्रमाणे पहिल्या डिस्कचा पाचवा कप्पा पाहायला गेला. नव्या कोऱ्या डिस्कवर कप्पेच नव्हते. 'गाठोडे नाही' असे समजून तो नेहमीसारखा सुरू झाला. फायलींचे कप्पे गट नंबराने नोंदलेले होते, ते बिनचूक सापडले आणि उघडले गेले. म्हणूनच यंत्र 'ठाकठीक' दिसले.

पुढे जे झाले ते ऐकून मला हळहळ वाटली. स्वॅपही गट नंबरानेच नोंदलेला होता. सुरू होण्याच्या शेवटच्या टप्प्यात माळा वापरायला काढणारी आज्ञा चालली. तिने पहिले पान पाहिले, तिथली गाठ पाहिली. म्हणजे गाठोडे सापडले! पण सापडले ते उशिरा. तोवर कप्पे उघडले गेले होते, जमीन बदलली होती. आता जुना नकाशा सोडणे म्हणजे फायलींवर गाढवाचा नांगर. म्हणून त्या आज्ञेने, तिला जसे शिकवले आहे तसेच केले. एक ओळीची सूचना छापली, गाठ सोडली, तिथे पुन्हा 'नुसता माळा' असे लिहिले आणि माळा कामाला लावला. आईच्या बोलण्यावर काही मिनिटांत दुसरे सामान पडू लागले.

"म्हणजे चूक कोणाची?" मी पुतण्याला विचारले.

तो थोडा वेळ गप्प बसला. "ओळ मी लिहिली होती, काका."

मला त्या पोराला दोष द्यावासा वाटला नाही. दुकानातल्या मुलालाही नाही. यंत्र झोपलेले आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि कर्नललाही कोणी सांगितले नव्हते. गाठ पाहून ती पुसणारी आज्ञासुद्धा निर्दय नव्हती. तिने वीस पाने घालवली, पण बाकीच्या साऱ्या फायली, नातवंडांचे फोटो, निवृत्तिवेतनाचे कागद वाचवले. कर्नलही गाठोडे बरोबर सापडले तरी असेच करतो. आधी गाठ पुसतो, मग सामान उतरवू लागतो. उतरवताना काही बिघडलेच तर पुढच्या वेळी तेच बिघडलेले गाठोडे पुन्हा गळ्यात पडू नये आणि एक छायाचित्र दोनदा वापरले जाऊ नये म्हणून.

घरच्यांसाठी

एवढ्यावरून घरी लक्षात ठेवण्याजोग्या काही गोष्टी निघतात. शीतनिद्रा ही साठवण नव्हे. मजकुराला नाव द्या, साठवा आणि मगच झाकण मिटा. यंत्र दुकानात देण्यापूर्वी ते झोपवू नका, पूर्ण बंद करा. डिस्कच काय, नुसती रॅम वाढवली तरी गाठोडे वाया जाते. लिनक्सचे गाठोडे सोडताना पूर्वीइतकीच रॅम आहे ना हे तपासले जाते आणि जुळले नाही तर ते नाकारले जाते. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर एकाला झोपवून दुसऱ्याला उठवू नका. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून तर 'बंद करा' म्हटले तरी विंडोजचा गाभा अर्धवट शीतनिद्रेत जाऊ शकतो. त्याला 'जलद सुरुवात' असे गोंडस नाव आहे. म्हणून लिनक्स पुष्कळदा विंडोजच्या कप्प्यात लिहायला नकार देते, तेव्हा रागावू नये. आणि एक विसरू नका, की गाठोड्यात तुमचे उघडे असलेले सगळे असते, पासवर्डसुद्धा. म्हणून काही जण माळ्याला दर वेळी नवे कुलूप लावतात आणि किल्ली फेकून देतात. सुरक्षिततेला ते उत्तम, पण मग त्या माळ्यावरून शीतनिद्रा उतरवता येत नाही. एकाच वेळी दोन्ही मिळत नाही.

अण्णांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. गणिताचे मास्तर ते. म्हणाले, "अरे, उत्तर बरोबर होतं, पानाचा नंबर चुकला."

मग त्यांनी बाजारातून दोनशे पानी वही आणली. पुढच्या एका दुपारी आईजवळ बसून त्यांनी विचारले, "आई, पाणी आलं तेव्हा आपण कुठून बाहेर पडलो गं?" आई बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. पूर्वी सांगितलेला बोळ, शेजारणीने दिलेली चादर, यातले तिला काही आठवले नाही. मग एकदम म्हणाली, "तू रडत नव्हतास. सगळी पोरं रडत होती, तू पाण्याकडे बघत होतास."

हे तिने त्या पाच दुपारी सांगितले नव्हते. अण्णांनी ते लिहून घेतले, खाली तारीख घातली आणि वही फडताळात, वरून दुसऱ्या खणात ठेवली. कोणत्या खणात ते त्यांनी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवले आहे.